सेनापती मटार सोलतो

१२ जून

चि. नकल्यास,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. हात तिथपर्यंत गेला आणि अडला. तेवढी जागा कोरी समज.

आज सकाळी दवाखान्यात पेपर चाळताना बातमी वाचली. तुझ्या नाटकाचा सिनेमा होतोय. सेनापती अर्थातच तू. 'रंगभूमीवर गाजलेला मृत्यूचा प्रवेश आता पडद्यावर' असं मोठ्या टायपात, आणि खाली तुझा फोटो. हनुवटी वर, नजर छताच्या कोपऱ्यात, जशी काही तिथे पाल आहे. मी अजून दातांच्या डॉक्टरांकडेच आहे. पेशंटांची नावं लिहून घेते, चुळा भरायचे पेले मांडते, त्यातलं रक्त धुते. डॉक्टर एका बाईंच्या दाढेत चिमटा घालून उभे होते, तरी मान वळवून म्हणाले, "वाचलंत का तुमच्या भावाचं?" बाईंचं तोंड तसंच उघडं. मी म्हटलं, वाचलं. मग पेपरची घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकली. संध्याकाळी डॉक्टरांनी कापसाचे बोळे झटकून तो परत बाहेर काढला. तुझे भक्त आहेत ते.

इतक्या दिवसांनी लिहितेय त्याला कारण एकच. सिनेमात सेनापतीला मरू दे. बाण लागून मरू दे, विष पिऊन मरू दे, घोड्यावरून तोंडावर पडून मरू दे. पण आईसारखा मरायला नको. तिचं मरण तेवढं वगळ. मला तुझ्याकडून दुसरं काही नको.

कसलं आईचं मरण, असं विचारू नकोस. नाकाने कांदे सोलणं तुला शोभतं, पण माझ्यासमोर नाही. मागच्या हिवाळ्यात मी ते नाटक बाल्कनीत बसून पाहिलं. सेनापती पलंगावर पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, सगळे मानकरी गप्प. मग तुझा उजवा हात छातीवर आला. अंगठ्याने काहीतरी दाबलंस, उघडलंस, अंगठा सरळ पुढे ओढलास आणि बोटं झटकलीस. मग पुन्हा तेच. शेजारचे गृहस्थ बायकोच्या कानात म्हणाले, "बघ, निसटता जीव चिमटीत धरतोय." अरे, सेनापती मटार सोलत होता! आई शेवटच्या दिवसांत अगदी तेच करायची. शुद्ध नव्हती, माणसं ओळखत नव्हती, पण हात स्वयंपाकघरात होते. मी तिच्या उशाशी बसून ते पाहिलंय. तूही पाहिलंस.

आणि वर वन्स मोअर. गाण्याला वन्स मोअर मिळतो हे ऐकलं होतं. मरणाला मिळतो हे त्या दिवशी पाहिलं. आधी मागून एक जण ओरडला, मग सगळं नाटकगृह. आणि तू उठलास! मेलेला सेनापती उठून बसला, अंगरख्याची चुणी सारखी केली, लोकांना मान लववली आणि परत आडवा झाला. परत तो अंगठा, परत ती शेंग. मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकले. तिथे एक बाई डोळे पुसत उभी होती. म्हणाली, "मलाही नाही हो सहन झालं. काय काम करतात!"

मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. निदान नाटक पडदा पडला की संपतं. सिनेमा डब्यात भरून गावोगाव जाईल, आणि दिवसातून तीन खेळ आई मरेल. ते होऊ देऊ नकोस.

ताई


३ जुलै

सेक्रेटरीसाहेब,

हे पत्र तुम्हीच उघडणार म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुमचं टाईप केलेलं उत्तर पोचलं. 'आपल्या रसिक पत्राबद्दल साहेब आभारी आहेत. आपल्यासारख्या चाहत्यांचं प्रेम हीच त्यांची शिदोरी. सोबत स्वाक्षरीसह फोटो.' मी चाहती नाही. मी त्यांची सख्खी मोठी बहीण आहे. त्यांना शाळेत सोडायला जायची तेव्हा त्यांचं नाक माझ्या परकराला पुसलेलं आहे. तो फोटो घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी लगेच चौकट करून बाहेरच्या खोलीत टांगला. आता दाढ दुखणारी माणसं गाल धरून त्याच्याकडे बघत बसतात, आणि मला सकाळी आल्यावर पहिलं दर्शन त्याचंच होतं.

आता कृपा करून हे पत्र साहेबांच्या हातात द्या. टेबलावर ठेवू नका, हातात द्या. आणि सांगा, ताईने विचारलंय, आईचा हात सिनेमातून काढणार की नाही? हो किंवा नाही, एवढंच टाईप करून पाठवलंत तरी चालेल.

(साहेबांची) ताई


२१ जुलै

नकल्या,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हाताचं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय उमटवावेत तसं. तेवढं मात्र तुला कुणाचं उचलता आलं नाही.

लिहितोस, 'ताई, नट दुसरं कुठून आणणार? मी जे पाहिलं तेच माझ्यापाशी आहे. आईला मी विकलं नाही, तिला मी लोकांच्या घराघरात नेलं.' छान आहे. मी मोठ्याने वाचून पाहिलं, तर आणखीच छान वाटलं. दोन ठिकाणी टाळ्यांसाठी थांबायला जागासुद्धा ठेवलीयस.

तू पाहिलंस तेच तुझ्यापाशी आहे, हे खरं. लहानपणी खालच्या दुकानदाराची नक्कल करायचास, पोस्टमनची करायचास, लंगड्या शिक्षकांची करून छड्या खायचास. आईनेच तुझं नाव नकल्या ठेवलं. नाटक कंपनीत पहिलं काम मिळालं त्या दिवशी जिना चढतानाच ओरडत आलास, "आई, मला नक्कल मिळाली!" नाटकवाले आपापल्या वाट्याच्या संवादांना नक्कल म्हणतात, हे तिला कुठलं ठाऊक! ती म्हणाली, "तुला आणि ती दुसऱ्याने कशाला द्यायला हवी?" किती हसलो होतो आपण. बाबासुद्धा हसले होते.

तुझ्याआधीचे नट छाती पुढे काढून, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायचे. बायकोशी बोलतानाही सभेत उभे असल्यासारखे. तू पहिल्यांदा प्रेक्षकांकडे पाठ केलीस. मालकांनी कपाळाला हात लावला, लोकांनी हुर्यो केली, खुर्च्या आपटल्या. पुढे त्याच लोकांनी त्या पाठीसाठी तिकिटं काढली. नव्या अभिनयाचा जनक म्हणून तुझे सत्कार झाले. मला मात्र ती पाठ ओळखीची होती. बाबा आपल्याला रागवायचे ते खिडकीकडे तोंड करून. समोर बघून रागावलं की त्यांना रडू यायचं, म्हणून. पुढे सिनेमा बोलू लागला, मोठमोठे नट मायक्रोफोनवर ओरडून हसं करून घेत होते, आणि तू कुजबुजलास. पुन्हा जनक! अरे, भिंतीपलीकडे घरमालकीण कान लावून बसायची, म्हणून आपलं सगळं घर जन्मभर कुजबुजतच बोललं.

मग माझं हसणं. माझं लग्न मोडल्याचा निरोप आला तो दिवस आठवतो? ज्या घरातला मुलगा तोंडाला रंग फासतो त्या घराशी सोयरीक नको, असं त्यांनी कळवलं होतं. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मला हसू फुटलं. थांबेचना. उचकी लागल्यासारखं मध्येच श्वास आत ओढून हसत होते. तू दाराच्या चौकटीला टेकून उभा होतास. मला वाटलं, याच्यामुळे झालं म्हणून याच्या मनाला लागलं असेल. पुढच्याच नाटकात तुझा वेडा राजा तस्साच हसला. मी तिसऱ्या रांगेत होते. माझंच हसू वरून माझ्या अंगावर आलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. घरी येऊन मी मूग गिळून बसले, कारण तुझी ती पहिली मोठी भूमिका होती आणि आई खूश होती. माझ्या जन्माचं वाटोळं झालं ते झालं, वर त्याची टाळीही तूच घेतलीस.

तर बाबांची पाठ ठेव. माझं हसणं ठेव. मी आता तशी हसतही नाही, तुलाच लखलाभ. आईचं परत कर. 'कलेत परत करणं नसतं' असं काहीतरी उत्तर तुझ्या ओठावर असेल. ते सेक्रेटरीला सांग, तो टाईप करील.

ताई


९ ऑगस्ट

नकल्या,

काल तू दवाखान्यात येऊन गेलास. तू काय काय केलंस ते तुलाच लिहून पाठवते, कारण ते तुला माहीत नसावं असा मला दाट संशय आहे.

काळा चष्मा लावून आलास. कुणी ओळखू नये म्हणून लावतोस, आणि ओळखलं नाही तर काढतोस. बाहेर बसलेले पेशंट उभे राहिले. एका म्हाताऱ्यांनी कवळी काढून हातात धरली होती, ती तशीच घेऊन नमस्कार केला. डॉक्टरांनी आम्हाला आतली खोली मोकळी करून दिली आणि दार लोटून बाहेर उभे राहिले. बहुतेक दाराला कान लावून.

"ताई, कशी आहेस?"

"बसायचं तर खुर्ची ती एकच आहे."

तू त्या खुर्चीत बसलास. पाय वर, मान मागे, डोक्यावर दिवा. मला क्षणभर बरं वाटलं. तिथे बसलं की भलेभले लहान दिसतात.

"मी आईचा अपमान करतोय असं वाटतं का तुला?"

"अपमान नाही. वापर."

"लोक रडतात गं. त्यांना त्यांची आई आठवते."

"मग त्यांना त्यांची त्यांची आई आहे ना! आपली कशाला?"

तेव्हा तुझे डोळे भरून आले. आधी डावा, मग उजवा. हेही मी नाटकात पाहिलेलं आहे, तरी मला भरून आलंच, काय करू? मी तोंड फिरवलं. पेला उचलला आणि बेसिनच्या कडेवर आपटून ठेवला. आणि तू रडता रडता थांबलास. नळ बंद करावा तसा.

"ताई, आत्ता काय केलंस ते?"

"काय केलं?"

"ते गं, पेला ठेवताना. ओठ आत घेतलास आणि नाकाने श्वास सोडलास. परत कर ना जरा."

मी परत केलं नाही. मी म्हटलं, "नकल्या, चालता हो." आणि तू खरोखरच ओशाळलास, हे मात्र मी पाहिलं. किंवा ओशाळल्यासारखं केलंस. आता मला त्यातला फरक कळत नाही, आणि तुझ्याबद्दलची सगळ्यात मोठी किळस मला याचीच येते. सख्ख्या भावाच्या तोंडाकडे बघून तो खरा आहे की खोटा हे बहिणीला कळू नये!

जाताना मी तुला अडवलं आणि आजवर विचारलं नव्हतं ते विचारलं. आई गेली त्या दुपारी तू दौऱ्यावरून थेट घरी आलास. मी किती दिवस पाठ टेकली नव्हती. तू माझ्या हातातून फडकं काढून घेतलंस आणि म्हणालास, "ताई, तू पड जरा, मी बसतो." मला इतकं बरं वाटलं होतं! आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले, डोळा लागला. उठून आले तर सगळं संपलेलं. तू गुडघ्यांवर हात ठेवून बसला होतास, तिची चादर नीट केलेली होती. तेव्हा मी काही विचारलं नाही. वाटलं, झटकन झालं असेल. पण नाटक पाहिल्यापासून झोप उडालीय. तू मला विश्रांतीसाठी आत पाठवलंस, की निवांत बघायला मिळावं म्हणून? आणि शेवट जवळ आला हे तुला दिसलंच असणार, तुझ्यासारख्या बघणाऱ्याला. मग हाक का नाही मारलीस? तुझा तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो म्हणतात, तो पलीकडच्या खोलीपर्यंत का नाही पोचला?

तू चष्मा लावलास. म्हणालास, "आईचा हात काढून टाकतो. शब्द देतो." मी विचारलं होतं ते वेगळंच होतं. तरी शब्द दिलास तो मी घेतला आहे.

दिवा बंद करायला मात्र विसरलास. खुर्चीवर कितीतरी वेळ नुसता प्रकाश पडलेला होता.

ताई


१४ नोव्हेंबर

वाचलं. 'सेनापतीच्या मृत्यूचा प्रवेश पहिल्याच टेकला ओके. दिव्यांवरचे कामगार रडले. साहेबांच्या त्या सुप्रसिद्ध हाताने पुन्हा एकदा...' पुढचं वाचवलं नाही.

शब्द दिला होतास. आईच्या हाताबद्दल दिला होतास.

थू.


६ जानेवारी

सोबत तुझे पास परत पाठवते. पहिल्या खेळाचे, पुढच्या रांगेचे, सोनेरी कडेचे. डॉक्टरांनी 'निदान एक तरी मला' म्हणून फार गयावया केली, पण मी दिला नाही. तिकीट काढून जाणार आहेत ते. माझ्यासाठीही काढत होते, मी नको म्हटलं.

मी येणार नाही. आता पत्रही लिहिणार नाही. आपला संबंध संपला असं लिहायला बसले होते, पण तेही तू कुठल्या तरी नाटकात वापरशील.


२६ फेब्रुवारी

नकल्या,

लिहिणार नाही म्हटलं होतं. तरी लिहितेय. हस, हसायचं तर.

मी सिनेमा पाहिला. का पाहिला ते आधी सांगते, म्हणजे तुझा गैरसमज नको. सिनेमा लागल्यापासून डॉक्टर रोज पेशंटांना सेनापतीचा मृत्यू करून दाखवतात. हातात टोकदार आकडी, खुर्चीत माणूस आ करून पडलेला, आणि हे डोळे अर्धे मिटून हवेत मटार सोलतात. मी तिकडे पाठ करून पेले धूत असते. परवा एका तरुण मुलीला सांगत होते, "पण खरी कमाल पुढेच आहे. नाटकात हे नव्हतं. ते जीव धरणं थांबतं, आणि मग ते हात असा पुढे करतात. आधी इकडे, मग तिकडे." मी मागे वळले. डॉक्टरांचा हात बेसिनच्या बाजूला लांब झाला होता, बोटांची चिमूट वर करून. त्यांना ते धड जमतही नाही. तरी माझ्या हातातला पेला फुटला.

आईला मी कितीदा सोलताना पाहिलं त्या आजारात, पण हात पुढे करताना कधीच नाही. म्हणून गेले. दुपारच्या खेळाला, एकटी. मागची रांग, खुर्चीचा एक हात तुटलेला, शेजारी कुणीतरी संत्रं खात होतं. अर्ध्याअधिक सिनेमाभर मला नुसता तुझा राग येत होता. भुवया किती कोरतोस रे! घोड्यावर तर पोत्यासारखा बसतोस. तो घोडा तेवढा खरा वाटला.

मग तो प्रवेश आला. नाटकात मी बाल्कनीत होते, हात लांबून पाहिला होता. इथे तो भिंतीएवढा. नखं, शिरा, सगळं. अंगठा शेंगेच्या टोकावर दाबला, शेंग उघडली, दाणे ओढले, साल टाकली. तुझा हात होता, केस असलेला, जाड. पण आईचा होता. मला तिचा चेहरा हल्ली नीट आठवत नाही हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आपल्याकडे तिचा फोटो नाही. हात पाहिला आणि चेहरा आला.

आणि मग बोटं थांबली. चिमूट झाली. डाव्या बाजूला तो तरुण सरदार गुडघे टेकून बसला होता, त्याच्या तळहातावर तू ती चिमूट ठेवलीस. तो बिचारा गोंधळला. त्याला काय कळणार? दिग्दर्शकाला तरी काय कळलं असेल? साऱ्या थिएटरात ते एकट्या मला कळलं. ती सोलायला बसली की आपण तिच्या दोन बाजूंना असायचो, आणि मधूनमधून एक चिमूट तुला, एक मला. तुला आधी, कारण तू लहान आणि तुला दम नसायचा. मी थांबायचे.

मग हात उजवीकडे वळला. तिथे कुणी नव्हतं. तू तो तसाच धरून ठेवलास. कॅमेरा हलला नाही, संगीत नाही, काही नाही. संत्रं खाणारासुद्धा थांबला. चिमूट रिकाम्या जागेसमोर वाट बघत राहिली. मग हात हळूहळू खाली आला, दाणे सांडू नयेत अशा बेताने, आणि चादरीवर टेकला.

आईच्या पलंगाच्या उजव्या बाजूला, औषधांच्या टेबलाशी, माझी खुर्ची होती. तू त्या दुपारी डावीकडे, भिंतीजवळच्या स्टुलावर बसला होतास. मी आत झोपले होते.

मी रडले. सगळ्यांबरोबर, तिकीट काढून, नाक ओढत रडले. त्या बाथरूममधल्या बाईसारखी. माझी मलाच शिसारी आली. दुसऱ्या दिवशी परत गेले. तेव्हा अधिक नीट बघता यावं म्हणून पुढचं तिकीट काढलं. आता बोल.

नकल्या, तसं झालं होतं का?

मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. झालं असेल, तर तिने माझ्यासाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला, तू तो राहिलेला बघितलास आणि तरी हाक मारली नाहीस. बघत बसलास. मग तुझ्यासारखा नीच माणूस मला ठाऊक नाही. आणि झालं नसेल, तर मी दवाखान्यात तुला विचारलं, ते तू घरी नेलंस, त्याला तेवढा एक हात जोडलास आणि दिव्यांवरच्या कामगारांना रडवलंस. मग तर तू त्याहूनही नीच. पण पहिलं खरं असेल तर आईने शेवटी मला शोधलं होतं. तेवढ्यासाठी मी तुझा नीचपणा गिळायला तयार आहे. बघ, कुठे आणून ठेवलंयस मला.

दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं. जगात हे सांगू शकणारा तू एकटा, आणि तुझा धंदा हा असा.

म्हणून उत्तर पत्राने पाठव. तुझ्या अक्षरात, सेक्रेटरीला मध्ये न घेता. 'हो' किंवा 'नाही', पुढे-मागे एक शब्द नको. मात्र इकडे येऊ नकोस. दवाखान्यात नको, घरी नको, फोनवरही नको. तू समोर बसून सांगितलंस तर मी विश्वास ठेवीन.

ताई